जिरे सुमार ४

२०२५च्या भाद्रपदात, नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर, महालक्ष्म्यांच्या जेवणाला जमलेल्या पन्नास-साठ माणसांदेखत जिऱ्यानं माझी जिरवली. त्याची ही हकीकत. मोडी वाचणाऱ्यांना, त्यातही मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून मोडी वाचणाऱ्यांना, कामी येईल म्हणून तपशिलानं लिहितो. घराचं नाव सांगत नाही. त्यांचा यात दोष काही नाही, सगळा माझाच आहे.

माझा पोटापाण्याचा धंदा डीटीपीचा. मोडी हा रविवारचा नाद. त्या ऑगस्टात नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार मुंबईला आली. राज्य शासनानं ती एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली होती. पेपरात फोटो आले आणि महालात ज्याच्या त्याच्या माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरल्या. या घरीही एका पितळी डब्यात मोडीची तीन सुटी पानं निघाली. घरातल्या मुलानं मोबाइलवर फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, ‘काका, महालक्ष्म्यांपर्यंत होईल का? पाहुण्यांना दाखवायचं आहे.’ मी अंगठा टाकला.

तीन पानांचे तीनच फोटो होते. पाठीमागे काही आहे का, हे मी विचारलं नाही. खरी चूक तिथेच झाली होती, बाकीच्या तिची पिलावळ.

पहिला उघडला तो फोटो स्वच्छ होता. मथळा शाबूत: मुदपाकखाना. त्याखाली मिरे शेर २, जिरे शेर ४, सुंठ शेर १, हिंग तोळे १२, जायफळ सुमार २५, असं चाललेलं. स्वयंपाकघराची यादी, वाद नाही. ‘मुदपाक’ हा शब्दही गमतीचा. मूळ अरबी ‘मतबख’, म्हणजे स्वयंपाकघर. मराठी तोंडात त्याचं ‘मुदबख’ झालं, आणि जिथे अन्न शिजतं तिथे ‘पाक’ असणारच अशा हिशेबानं ‘मुदपाक’. शब्द परका असला तरी कान घरचेच असतात.

दुसऱ्या फोटोतलं पान अर्धंच उरलेलं. वरचा डावा कोपरा वाळवीनं खाल्लेला, मथळ्यातलं शेवटचं ‘…खाना’ तेवढं दिसतं. खालचा भाग फाटलेला. मधे चार ओळी. तिसऱ्या ओळीत एका शब्दाची शेपटी कसरीनं नेलेली, आणि चौथ्या ओळीतल्या पहिल्या अक्षरावर शाईचा हा एवढा डाग. मी त्या चार ओळी लावल्या, टाइप केल्या, जाड कागदावर छापल्या आणि ओसरीवरच्या काचेखाली त्या पानाशेजारी ठेवल्या. पानावरचा ‘सुमार’ मी गाळला होता. छापलं होतं ते असं:

टोप ४ (पातेली)
जिरे ४ (थैल्या)
दस्ता जोडी ३ (खल-दस्ता)
साखर १ (गोणी)

चार ओळींना चार कंस. आज ते कार्ड समोर धरलं की हसू येतं.

जेवणं झाल्यावर पाहुणे काचेभोवती जमले. त्यांत एक निवृत्त शिक्षक होते. इतिहास शिकवायचे, आख्खा महाल त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कार्ड वाचलं आणि मला हाक मारली.

“काय हो, चार जिऱ्यांत फोडणी कशाची घातली असेल?”

“सर, थैल्या आहेत त्या.”

“कुठे लिहिलंय थैल्या?”

“कंसात.”

“कंस कारकुनाचा की तुमचा?”

मी गप्प. सर पुढे काही बोलले नाहीत. पान-सुपारी घेऊन घरी गेले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

रात्री मी माझ्या वाचनाची बाजू मांडायला बसलो, स्वतःपुढेच. बाजू अगदीच लंगडी नव्हती. यादीत ‘सुमार’ म्हणजे संख्या, नग. हे मला ठाऊक होतं. जिरे वजनावर मिळतं, नगावर नाही, हेही उघड होतं. पण पहिल्याच पानावर ‘जायफळ सुमार २५’ होतं ना! म्हणजे मसाल्याचा जिन्नस नगावर लिहायची रीत आहे. मग ‘जिरे सुमार ४’ म्हणजे जिऱ्याच्या चार थैल्या का नसाव्यात? दुसऱ्या दिवशी इतवारीत किराणा ओळीतल्या नेहमीच्या दुकानी जाऊन विचारलं की नगावर काय काय विकता. “जायफळ देतो जी नगानं, खोबऱ्याचा गोटा देतो, सुपारी देतो,” म्हणाला. आणि जिरं? “जिरं कोन मोजते बापा! येड लागलं का?” गिऱ्हाइकं हसली. थैली असेल तर थैली असं लिहितील, गोणी असेल तर गोणी लिहितील. कारकून काही बोरूची शाई वाचवत नव्हता. जुन्या यादीत मोजायच्या प्रत्येक गोष्टीला आपापला शब्द असतो. माणसं असामी, घोडे रास. फारसी दफ्तरांत तर हत्तीला ‘जंजीर’ आणि तलवारीला ‘कब्जा’, म्हणजे मूठ. पाच तलवारी म्हणजे पाच मुठी. इतक्या नेमक्या दफ्तरात वाढलेला कारकून जिऱ्यापुढे नुसतं ‘सुमार’ लिहून पुढे जाईल, हे मी कसं मान्य केलं?

मान्य केलं ते ‘टोप’ या शब्दामुळे. आमची ही दादरची. तिच्या माहेरी भाताचं मोठं पातेलं म्हणजे टोप. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आमच्या घरातही तोच शब्द रुळला. त्यामुळे ‘टोप ४’ दिसताच मला ओट्यावरची पातेली दिसली. टोपाखाली जिरे, जिऱ्याखाली ‘दस्ता’, त्याखाली डाग पडलेलं ‘-ाखर’. एकदा स्वयंपाकघर मनात शिरल्यावर त्या डागाखाली ‘सा’ सोडून दुसरं काय असणार?

वाड्यातल्या आजींनी हे आधीच पकडलं होतं. कार्ड लावताना त्या म्हणाल्या होत्या, “टोप म्हणजे काय रे, गंज का? आमच्या घरात कोणी टोप म्हटलेलं मी नाही ऐकलं.” नागपुरात त्या भांड्याला गंज म्हणतात हे खरं. मी तेव्हा त्यांना ऐकवलं की भोसल्यांचे कारकून सगळे इथलेच नव्हते, घराणंच मुळी देशावरून आलेलं; त्यांच्याबरोबर साताऱ्याकडची भाषाही आली असणार. हा युक्तिवाद चुकीचा नाही. म्हणूनच तो जास्त घातक. प्रत्येक शंकेला माझ्याकडे एकेक बरं उत्तर होतं, आणि ती सगळी उत्तरं मिळून पान मात्र चुकत होतं.

आता त्या शब्दाकडे येतो. मसाल्याचं जिरे आपल्याला संस्कृत ‘जीरक’पासून माहीत आहे, फारसीतही ते ‘ज़ीरा’च. अन्न जिरवतं ते जिरे, असं आपण सहज म्हणतो. पण फारसीत दुसरा एक शब्द आहे, ‘ज़िरह’. लोखंडाच्या बारीक कड्या एकमेकींत ओवून केलेला अंगरखा. साधारणतः एका कडीत शेजारच्या चार कड्या गुंततात. असं हजारो कड्यांचं जाळं कापडासारखं अंगावर लोळतं, पण तलवारीची धार आत जाऊ देत नाही. फारसी लिपीत या दोन शब्दांत एका ‘ये’ अक्षराचा फरक. ज़ीरा लिहिताना तो घालायचा, ज़िरह लिहिताना नाही. मराठीत आल्यावर दोघांचंही ‘जिरे’ झालं. आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नाही, त्यामुळे फारसीनं जी एक खूण ठेवली होती तीही गेली. कागदावर मसाला आणि चिलखत आता हुबेहूब सारखे.

हा दुसरा ‘जिरे’ आपल्याला परका नाही. शिवजयंतीच्या आठवड्यात दुकानांबाहेर टांगलेला असतो, पुठ्ठ्याचा, वर लाल-केशरी कापड आणि खोटे मोती: जिरेटोप. मूळ जिरेटोप म्हणजे लोखंडी टोप, ज्याला मान आणि कानशिलं झाकायला कड्यांची झालर असते. चित्रांतून, नाटकांतून त्या शब्दातलं लोखंड झडलं आणि कापड उरलं. लहान पोरांच्या डोक्यावर ते बरंच आहे म्हणा. पण शब्द रोज डोळ्यांसमोर असून मला ‘टोप ४, जिरे ४’ या दोन ओळी एकाखाली एक दिसल्या तरी जिरेटोप आठवला नाही, याचं अजून नवल वाटतं. सलग वाचलं असतं तरी पुरलं असतं.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर ‘राजव्यवहारकोश’ करवून घेतला. राज्यकारभारातल्या सुमारे १,३८० यावनी, म्हणजे फारसी-अरबी वळणाच्या, शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते: शब्द अक्षरांच्या क्रमानं लावलेले नाहीत, दहा वर्गांत वाटलेले आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग… शस्त्रवर्गातला शब्द पण्यवर्गात गेला की तो दुसराच शब्द. त्या काळी शब्द खात्यात राहायचा. कारकुनाला घोटाळा होत नव्हता, कारण पानाच्या डोक्यावर खात्याचं नाव होतं. माझ्या पानावरून नेमकं तेच गेलं होतं. ‘…खाना’ उरलं होतं. पण खाना तर सगळेच! मुदपाकखाना, जामदारखाना, फरासखाना, शिलेखाना.

आठ दिवसांनी मी वाड्यावर गेलो. आजींना म्हटलं, मूळ कागद पाहायचा आहे. “चूक सापडली का?” त्यांनी विचारलं. सापडली असावी, म्हटलं. त्यांनी डबा आणला. मी हात धुऊन, पुसून, ते अर्धं पान दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि खिडकीकडे धरलं. उजेडात लगेच दिसलं की अक्षरांच्या मधून दुसऱ्या ओळी झिरपल्या आहेत, उलट्या. फोटोतही त्या होत्या. मी त्यांना जुन्या कागदाचे डाग समजलो होतो. पान उलटलं.

फिरंग सुमार २. पटा सुमार १. ढाला गेंडी सुमार ६. बंदुका तोडेदार सुमार ५. तोडा हात १२०. दारू पक्के मण १.

मला वाटतं मी मोठ्यानं हसलो, कारण आतून सून डोकावून गेली.

शिलेखाना. मथळ्यातली गेलेली अक्षरं तीच. ‘सिलाह’ म्हणजे हत्यार. स्वतःचं हत्यार-घोडं घेऊन चाकरीला येणारा तो सिलाहदार, आपला शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. नागपूरकरांच्या फौजा १७४० नंतर दहा वर्षं बंगालवर चालून गेल्या तेव्हा तिथल्या लोकांनी याच शब्दाचं ‘बर्गी’ केलं. बंगाली आया अजून बाळांना बर्गी आले म्हणून निजवतात. नागपूरच्या तळावरचा एक हिशेबी शब्द तिकडे बागुलबुवा झाला.

मग पुढची बाजू पुन्हा लावली. टोप चार, जिरे चार: चार माणसांचा संच. तिसरी ओळ ‘दस्ता’ नव्हे, कसरीनं शेपटी नेलेलं ‘दस्ताने’. मनगटापासून कोपरापर्यंत हात झाकणारी पोलादी नळी. जोडी ३ हेही चपखल. खल-दस्त्याच्या तीन जोड्या एका स्वयंपाकघरात कशाला लागतील, हा प्रश्न मला पडायला हवा होता. चौथ्या गड्याचे दस्ताने कुठे गेले ते मात्र कागद सांगत नाही. चौथी ओळ भिंगाखाली धरली. डागाच्या खालून डोकावणारं अक्षर ‘प’. पाखर सुमार १. घोड्याच्या अंगावर घालायचं कवच.

आजींना सांगितलं तर त्या थबकल्या. “पाखर? मायेची पाखर म्हणतो ती?” हो, तीच. आपण मायेची पाखर म्हणतो आणि डोळ्यांपुढे पिलांवर पंख पसरलेली पक्षीण आणतो. या कारकुनाच्या डोळ्यांपुढे घोडा होता आणि लोखंड होतं. त्या बराच वेळ पानाकडे बघत होत्या. साखरेची गोणी जाऊन पाखर आली याचा त्यांना मनापासून आनंद झाला. मला थोडा कमी झाला, कार्ड परत छापायचं होतं.

पाठीमागच्या बाजूनं आणखी दोन सापळे दाखवले. ‘तोडा’ एरवी हातातला किंवा पायातला दागिना. इथे त्यापुढे ‘हात १२०’ आहे. दागिना हातानं मोजत नाहीत, दोरी मोजतात. तोडा म्हणजे बंदुकीच्या कानाला लावायची धुमसती वात, म्हणून तोडेदार बंदूक. दुसरा ‘दारू’. घरातल्या मुलानं ते वाचून हळूच विचारलं, “काका, हे कार्डावर टाकलंच पाहिजे का?” दारूगोळ्यातली दारू आहे रे, म्हटलं. मूळ फारसी ‘दारू’ म्हणजे औषध. बंदुकीचं औषध आणि बाटलीतलं औषध, दोन्ही त्यातूनच निघाली. त्यानं सुटकेचा श्वास सोडला. आणि फिरंग म्हणजे फिरंग्यांकडचं पातं असलेली सरळ तलवार. लंडनहून आलेल्या त्या तलवारीच्या पात्यावरही रघूजींच्या नावासोबत आणि ‘सेनासाहेबसुभा’ या किताबासोबत ‘फिरंग’ हाच शब्द कोरलेला आहे. त्यामुळे पाहुण्यांना समजावून सांगायला हा एकच शब्द मला सोपा गेला.

आता तिसरं पान, ज्याबद्दल मी अजून बोललो नाही. ते जामदारखान्याचं, म्हणजे कापडचोपडाचं. जामे महमुदी, निमे, मंदिल, शेले, किनखापी कबा, दुलई. वाचायला सरळ, एक ओळ सोडून: ‘जरी कुडती सुमार १’. कुडती म्हणजे आखूड अंगरखा. पहिल्यांदा मी ‘जरीची’ म्हणून पुढे गेलो. आता जाववेना. कारण सभासदाच्या बखरीत, प्रतापगडच्या प्रसंगी महाराजांच्या अंगात जी कुडती आहे तीही ‘जरीची’च छापलेली आढळते, आणि खानानं कुशीत हत्यार चालवलं तेव्हा ते त्या कुडतीवर ‘खरखरलं’, अंगाला लागलं नाही. जरीवर पोलाद खरखरत नाही. कलाबतू कितीही भरलेला असो, कट्यार त्यातून आरपार जाईल. खरखर होते ती कड्यांवर. म्हणून ती कुडती जरीची नसून जिरेची असावी, वेलांटी अलीकडची पलीकडे गेली असावी, असं माझं मत आहे. अर्थ तर कित्येकांनी चिलखत असाच घेतला आहे. बखरीत ‘खरखरली’ हे एक क्रियापद आहे म्हणून आपल्याला कळतं. यादीत क्रियापद नसतं.

मग आमच्या पानावरची कुडती कसली? जामदारखान्यात आहे, म्हणजे कापड. जामे-निम्यांच्या रांगेत आहे, म्हणजे कापड. सुमार १ दोन्हीकडे चालतं. पण भिंगातून ‘ज’च्या डोक्यावर एक फिकट वळसा दिसतो. तो वेलांटीचा अवशेष असेल, किंवा मागच्या बाजूची शाई. मागची बाजू पाहिली. नेमक्या त्या जागी घडी पडून कागद झिजलाय. खात्याच्या नावावर विसंबावं तर जरी. पण एका खात्याच्या भरवशावर एकदा तोंडघशी पडलोय, आणि चिलखतावरून घालायचं कापड आणि चिलखत एकाच पेटीत ठेवणारा जामदार असूच शकत नाही असं कोण म्हणेल?

नवं कार्ड छापलं. त्यात कंस एकच, आणि त्यात शब्द नाही:

जरी (?) कुडती १

ते घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी सगळं वाचलं, पाखरीपाशी मान डोलावली, कुडतीपाशी थांबले. “फोटो आहे का या ओळीचा? पाठवून ठेवा, सवडीनं बघतो.”

“फोटो नाही पाठवत, सर. वाड्यावर या, कागदच बघू.”

येत्या महालक्ष्म्यांना येतो म्हणालेत. तोवर आजींनी डबा ट्रंकेत न ठेवता देवघराच्या कोनाड्यात ठेवलाय.